नास्तिक आणि साजूक तूप

मराठी घरात 'नास्तिक' हा शब्द तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातून फारसा येत नाही. तो बहुधा स्वयंपाकघरातून येतो, आणि येताना हातात लाटणं नसलं तरी आवाजात असतं. आंघोळीआधी चहा मागितला, नास्तिक. संकष्टीला कांदाभजीची आठवण काढली, नास्तिक. सत्यनारायणाच्या पूजेत चौथ्या अध्यायाला डुलकी लागली, नास्तिक. आणि पाचवा संपता संपता प्रसादाच्या वासानं बरोबर जाग आली, तर मेला नास्तिक! शब्दकोश उघडावा तर तिथं 'देव न मानणारा' असा सुटसुटीत अर्थ दिलेला असतो. पण कांदाभजी मागणाऱ्या माणसानं देवाविषयी अवाक्षर काढलेलं नसतं. त्याचं म्हणणं फक्त कांद्यापुरतं असतं.

एवढ्या बारीकसारीक गुन्ह्यांना पुरून उरणारा हा शब्द मुळात अगदी साधा आहे. संस्कृतात 'अस्ति' म्हणजे आहे आणि 'न अस्ति' म्हणजे नाही. 'नाही' म्हणणारा तो नास्तिक. झालं! पण काय नाही? सगळी गोम इथंच आहे. 'साखर संपली, नाही आहे' असं म्हणणारा वाणी काही नास्तिक होत नाही. 'साहेब जागेवर नाहीत' म्हणणारा शिपाई तर रोज दहादा 'नास्ति' म्हणतो, आणि साहेब आत असताना म्हणतो, तरी त्याच्या कपाळावर गंध असतंच. काय नाही ते हा शब्द सांगत नाही. ती जागा त्यानं कोरी ठेवली आहे, आणि गेली दोन-अडीच हजार वर्षं जो तो ती आपल्या सोयीनं भरतो आहे. कोऱ्या चेकसारखा शब्द आहे हा. फक्त तो फाडायचा नेहमी दुसऱ्याच्या नावानं.

या शब्दाची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात शांत नोंद पाणिनीच्या व्याकरणात आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या-पाचव्या शतकातला हा माणूस. त्याला देवाशी कर्तव्य नव्हतं की देव न मानणाऱ्याशीही नव्हतं. त्याला कर्तव्य होतं ते प्रत्ययाशी. एका चिमुकल्या सूत्रात त्यानं तीन माणसं शेजारी शेजारी बसवली आहेत. 'आहे' अशी ज्याची मती तो आस्तिक, 'नाही' अशी ज्याची मती तो नास्तिक, आणि 'दिष्ट' म्हणजे दैव, ते आहे अशी ज्याची मती तो दैष्टिक. तिघांना एकच प्रत्यय, एकच बाक. कुणी कुणाच्या अंगावर गेलेलं नाही.

वैयाकरणी मंडळी मात्र स्वस्थ बसणाऱ्यांतली नव्हेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पतंजलीनं महाभाष्यात शंका काढली, की अहो, 'ज्याला मती आहे तो आस्तिक' असा अर्थ कुणी घेतला तर? मग चोरसुद्धा आस्तिक ठरेल, कारण मती त्यालाही असतेच. (चांगलीच असते. आमच्या सोसायटीतल्या तीन सायकली ज्यानं भरदुपारी नेल्या त्याची मती मी पाहिली आहे.) तेव्हा पतंजलीनं खुलासा केला, की नुसती मती असून भागत नाही, 'आहे' अशी मती हवी. पुढं सातव्या शतकाच्या सुमाराला काशिका नावाची टीका आली, तिनं कोरी जागा भरून टाकली. काय आहे? तर परलोक आहे. मेल्यावर पुढं काहीतरी आहे असं मानणारा आस्तिक, नाही म्हणणारा नास्तिक. देव अजूनही या भांडणात आलेला नाही, हे ध्यानात ठेवावं.

यात मला हळहळ वाटते ती त्या तिसऱ्या माणसाची. दैष्टिक! आस्तिक आणि नास्तिक हे दोन्ही भाऊ मराठीत नांदायला आले आणि हा तिसरा वाटेतच कुठं तरी हरवला. आणि गंमत अशी, की आपण बहुतेक सगळे आहोत ते नेमके हेच. सकाळी वर्तमानपत्र हाती आलं की अग्रलेखाच्या आधी राशिभविष्य उघडणारा मध्यमवर्गीय मराठी माणूस हा ना धड आस्तिक, ना धड नास्तिक. 'देव असेल नसेल बाबा, पण आमच्या नशिबात टू-बीएचके नव्हता' असं म्हणून तो वन-बीएचकेची चावी खिशात टाकतो. अडीच हजार वर्षांपूर्वी पाणिनीनं आपल्यासाठी खास शब्द घडवून ठेवला, आणि आपण तो वापरलासुद्धा नाही. नशीब त्या शब्दाचं!

मनुस्मृतीनं पुढं कोरी जागा दुसऱ्याच मजकुरानं भरली. वेदांची निंदा करील तो नास्तिक, असं तिनं ठरवलं. आणि तर्कशास्त्राच्या जोरावर श्रुतिस्मृतींचा अवमान करणाऱ्याला सज्जनांनी बाहेर काढावं, असंही सांगून ठेवलं. म्हणजे परलोकाचा प्रश्न मागं पडला आणि सभासदत्वाचा पुढं आला. याचे परिणाम मोठे मौजेचे झाले. सांख्यांच्या जुन्या मांडणीत ईश्वराला कामच नाही. प्रकृती आणि पुरुष मिळून गाडा हाकतात. मीमांसक तर याहून कडक. यज्ञ यथासांग करा, फळ आपोआप मिळेल, मध्ये जग निर्माण करणारा कुणी मानायची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं. तरी हे दोघेही आस्तिक, कारण वेदांना त्यांनी मान डोलावलेली. उलट बौद्ध आणि जैन पुनर्जन्म मानतात, कर्माचं फळ मानतात, स्वर्ग मानतात, नरकसुद्धा बारीक तपशिलासकट मानतात, तरी ते नास्तिक! आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हाच न्याय चालतो. वर्षभर पाण्याचा पंप कोण बघतो याला महत्त्व नाही. मेंटेनन्सची पावती कुणाकडे आहे एवढंच विचारतात.

आता बौद्ध गप्प बसले असतील असं कुणाला वाटत असेल तर तो गैरसमज आहे. त्यांनीही हाच शब्द उचलला आणि कर्माचं फळ नाकारणाऱ्या अजित केशकंबलीसारख्यांच्या मतावर चिकटवला. तिकडं रोमन साम्राज्यात तर सुरुवातीच्या ख्रिश्चनांना 'देव न मानणारे' म्हणत, कारण ते रोमन लोकांच्या देवांपुढं मान लववत नसत. पुढं त्याच ख्रिस्ती धर्माचं राज्य आलं आणि तो शब्द दुसऱ्यांच्या वाट्याला गेला. थोडक्यात, भूगोल कुठलाही असो, नास्तिक म्हणजे आपल्या देवळात न येणारा माणूस. तो स्वतःच्या देवळात दिवसातून पाच वेळा जात असला तरी त्याचं कौतुक नाही.

या सगळ्या भाऊगर्दीत खरोखरच 'नाही' म्हणणारेही काही होते. रामायणात जाबाली नावाचे ऋषी रामाला वनवासातून परत आणायला भरताबरोबर जातात आणि सांगतात, की परलोक वगैरे काही नसतं. इथं श्राद्धात वाढलेलं अन्न मेलेल्याला पोचत असेल, तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला द्यायची, घरीच कुणाला तरी जेवू घालावं! मुद्दा बिनतोड होता. पण राम असा काही संतापला, की जाबालींनी लगेच सांगून टाकलं, मी काही नास्तिक नाही, तुम्ही परत यावं म्हणून प्रसंग पाहून तसं बोललो. वक्तव्याचा विपर्यास झाला, एवढंच म्हणायचं त्यांनी बाकी ठेवलं.

महाभारतातल्या चार्वाकाला अशी माघार घ्यायची संधीच मिळाली नाही. युद्ध संपवून युधिष्ठिर हस्तिनापुरात शिरतो, जयजयकार चाललेला असतो, आणि ब्राह्मणांच्या घोळक्यातून एक भिक्षू पुढं येऊन म्हणतो, की भाऊबंदांना मारून मिळवलेल्या राज्याचा तुला धिक्कार असो. हा चार्वाक, दुर्योधनाचा मित्र, मुळात राक्षस, असं महाभारत सांगतं. आणि बाकीचे ब्राह्मण नुसत्या हुंकारानं त्याला जागच्या जागी जाळून टाकतात. आता युधिष्ठिर स्वतः तोवर काय म्हणत होता? हेच, की भाऊबंद मारून कसलं राज्य! पण घरच्यानं म्हटलं तर तो वैराग्याचा झटका, आणि बाहेरच्यानं म्हटलं तर राक्षस.

तत्त्वज्ञानातला चार्वाक हाच की दुसरा, यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. त्याची ओळख आपल्याला आहे ती एका गोष्टीमुळं, ती म्हणजे तूप. कर्ज काढा आणि तूप प्या, असा सल्ला देणारा तो चार्वाक, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. पण या तुपाची भानगड जरा पाहण्यासारखी आहे. चार्वाकांचा स्वतःचा मूळ ग्रंथ शिल्लक नाही. जे कळतं ते बहुतांशी त्यांच्या विरोधकांनी खंडनासाठी दिलेल्या उताऱ्यांतून. म्हणजे घटस्फोटाच्या दाव्यात फक्त सासूची साक्ष नोंदवून घ्यावी तसं. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी 'सर्वदर्शनसंग्रह' लिहिला, त्यात पहिलाच पाहुणा चार्वाक. त्याला त्यांनी 'नास्तिकशिरोमणी' अशी पदवी दिली. या ग्रंथावर पुण्याच्या वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी संस्कृत टीका लिहिली आणि १९२४ साली भांडारकर संस्थेनं ती छापली. त्या ग्रंथात हा श्लोक दोनदा येतो. एकदा त्याचा आशय असा, की जगता येईल तोवर सुखानं जगावं, मृत्यूच्या तावडीतून कुणी सुटत नाही. दुसऱ्यांदा मात्र मृत्यू जातो आणि त्याच्या जागी कर्ज आणि तूप येतं. जुन्या ग्रंथांतून हा श्लोक आढळतो तो मृत्यूचाच. अभ्यासकांचा कयास असा, की तूप मागाहून कुणीतरी ओतलं. प्रतिपक्षाचा मुद्दा खोडता येत नसेल तर त्याची थाळी दाखवावी, हा मार्ग आजही चालू आहे.

आणि तसं म्हटलं तर कर्ज काढून तूप पिण्यात आज मागं कोण आहे? वीस वर्षांचं गृहकर्ज, सात वर्षांचं मोटारीचं, बारा हप्त्यांत फ्रिज. फक्त फ्रिजला आधी हळदकुंकू लावायचं, मोटारीच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि नव्या घरात वास्तुशांत करायची, म्हणजे तूप पचतं. चार्वाकाला हे सुचलं नाही, म्हणून तो बदनाम झाला.

त्या पठडीतला एकच ग्रंथ पुरा म्हणावा असा हाती आला आहे. आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या जयराशी भट्टाचा 'तत्त्वोपप्लवसिंह'. नावाप्रमाणेच यात सगळ्या तत्त्वांचा फडशा पाडलेला आहे. हा भट्ट इतका कडक, की नुसतं डोळ्यांनी दिसतं त्यावरही विश्वास ठेवायला तयार नाही. या ग्रंथाचं हस्तलिखित १९२६ साली गुजरातेत पाटणच्या एका जैन ग्रंथभांडारात सापडलं आणि १९४० साली बडोद्याहून छापून निघालं. ज्यांना आस्तिकांनी नास्तिक म्हटलं त्या जैनांनी, त्यांनाही न मानणाऱ्या महानास्तिकाची पोथी शतकानुशतकं वाळवीपासून वाचवून ठेवली! न पटणाऱ्या माणसाची पोथी कापडात बांधून जपणारे लोक या देशात होते, हे वाचून मला हुंकार सोडणाऱ्यांचा थोडा विसर पडला.

देव या शब्दात येऊन ठाण मांडून बसला तो अलीकडे, इंग्रजी शिक्षणाच्या काळात. मिल आणि स्पेन्सर वाचलेली तरुण मंडळी कॉलेजातून बाहेर पडू लागली आणि 'नास्तिक' म्हणजे ईश्वर न मानणारा हा अर्थ पक्का झाला. १८६९ साली हक्सले नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं 'आहे'ही नाही आणि 'नाही'ही नाही, 'ठाऊक नाही' म्हणणाऱ्यांसाठी एक नवा शब्द तयार केला. मराठीत त्याला अज्ञेयवादी म्हणतात. गोपाळ गणेश आगरकरांना अभ्यासक याच खणात घालतात. पण १८८८ साली 'सुधारक' काढणाऱ्या आगरकरांच्या बाबतीत पुण्यातल्या सनातनी मंडळींना इतकी बारीक वर्गवारी करायला सवड नव्हती. आगरकर हयात असताना त्यांनी त्यांची प्रेतयात्रा काढली. जाळायला माणूस हाती येईना, तेव्हा प्रतिमेवर भागवलं. महाभारतापेक्षा ही सुधारणाच म्हणायची.

आता या नास्तिकाचं तूप पाहा. फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य, पण सदा दम्यानं बेजार, सदा ओढगस्तीत. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या मागं एक पुडी निघाली. आपल्या अंत्यसंस्कारापुरते पैसे त्यांनी तीत आधीच बांधून ठेवले होते, असं सांगतात. मेल्यावर चार माणसांना खर्च पडू नये एवढी काळजी! परलोकाच्या भीतीनं ती केली असं म्हणायची सोय नाही. आणि त्यांच्या घरात? पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या, आणि त्यांच्या व्रतवैकल्यांच्या आड आगरकर आले नाहीत. गावाशी ज्यानं देवाधर्मावरून उभा दावा मांडला, त्यानं बायकोच्या देव्हाऱ्याला हात लावला नाही.

आमच्या नात्यातले एक मामा याच वळणाचे होते. घरातले अधिकृत नास्तिक. देवापुढं त्यांनी कधी हात जोडले नाहीत, पण गणपतीची आरास त्यांच्यावाचून होत नसे, कारण दिव्यांच्या माळा लावायचं ज्ञान घरात दुसऱ्या कुणाला नव्हतं. आरत्या सगळ्या पाठ. आजी म्हणायची, ''ह्याचं तोंड तेवढं नास्तिक आहे, हात नाहीत.'' पुढं आजी अंथरुणाला खिळली, डोळ्यांनी दिसेनासं झालं. शेवटची दोन वर्षं मामांनीच तिचं सगळं केलं. रोज संध्याकाळी तिच्या उशाशी बसून ते पोथी वाचत. स्वच्छ उच्चार, घाई नाही, एकही ओवी गाळायची नाही. मी एकदा धीर करून विचारलं, ''मामा, तुमचा विश्वास नाही ना? मग वाचता कशाला?''

''तिला ऐकायचंय आणि तिला दिसत नाही,'' चष्मा पुसत मामा म्हणाले. ''मला दिसतं. यात विश्वासाचा प्रश्न कुठं आला?''

मामा गेले तेव्हा भेटायला आलेल्या प्रत्येक नातेवाइकानं एकच वाक्य म्हटलं, ''खरं सांगू का, तेच खरे आस्तिक!'' बोलणाऱ्यांच्या मनात प्रेमच होतं. पण मामा ऐकत असते तर भडकले असते. जिवंतपणी कुणी असं म्हटलं की ते म्हणत, ''अरे, आयुष्यात कमावलेला हा एक शब्द आहे माझा. तोही काढून घेता?''

हा अनुभव फार मोठ्या माणसांच्या बाबतीतही आला आहे. चार्ल्स ब्रॅडलॉ नावाचा एक इंग्रज होता, जाहीर नास्तिक. १८८० साली तो पार्लमेंटवर निवडून आला. देवाच्या नावानं शपथ घ्यायची म्हणजे त्याला नुसती अक्षरं उच्चारल्यासारखं, म्हणून त्यानं साधी प्रतिज्ञा करू द्या म्हटलं. ती करू देईनात. बरं, शपथ घेतो म्हटलं, तर तुझा विश्वासच नाही म्हणून तीही घेऊ देईनात. एक रात्र त्याला पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडून ठेवलं. जागा रिकामी झाली की मतदार त्यालाच पुन्हा निवडून देत. शेवटी १८८६ साली त्याला जागेवर बसू दिलं, आणि १८८८ साली ज्याला शपथ नको त्यानं प्रतिज्ञा करावी असा कायदा त्यानं करून घेतला. आपल्या राज्यघटनेनं 'ईश्वरसाक्ष' आणि 'गांभीर्यपूर्वक' असे दोन्ही पर्याय पहिल्यापासून ठेवले आहेत. मंत्री शपथ घेताना आपण ते ऐकतो आणि गांभीर्य कुठल्या पर्यायात कमी आहे याची चर्चा करतो, ती गोष्ट वेगळी.

हा ब्रॅडलॉ १८८९ साली काँग्रेसच्या अधिवेशनासाठी मुंबईला येऊन गेला. हिंदुस्थानची बाजू तो पार्लमेंटात इतकी मांडायचा, की त्याला हिंदुस्थानचाच सभासद म्हणत. १८९१ साली तो वारला, तेव्हा त्याच्या अंत्यविधीला लंडनमधले बरेच हिंदी लोक गेले. त्यांत कायदा शिकणारे मोहनदास गांधी होते. चाळीस वर्षांनी, १९३१ साली, गांधीजींनी 'ईश्वर हे सत्य आहे' हे आपलं वाक्य उलटं करून 'सत्य हाच ईश्वर' असं केलं. कारण काय, तर ईश्वर नाकारणारा नास्तिकही सत्य नाकारत नाही. आणि उदाहरण दिलं ब्रॅडलॉचं, की तो स्वतःला नास्तिक म्हणवी, पण मी काही त्याला नास्तिक म्हणणार नाही! बिचाऱ्यानं सहा वर्षं अख्ख्या पार्लमेंटशी झुंजून जो शब्द राखला तो महात्माजींनी एका वाक्यात, अत्यंत प्रेमानं, काढून घेतला. आमच्या आ. ह. साळुंखे यांनी तर आपल्या पुस्तकाचं नावच ठेवलं 'आस्तिकशिरोमणी चार्वाक'. माधवाचार्यांची पदवी त्यांनी उलटी करून परत पाठवली. हे मात्र कबूल केलं पाहिजे, की चार्वाकाला सहाशे वर्षांत मिळालेला हा पहिलाच झणझणीत वकील.

म्हणजे या शब्दाचे आपल्याकडे दोनच उपयोग. माणूस नावडता असेल तर तो नास्तिक. आवडता असेल तर 'तसा तो नास्तिक नव्हेच हो'. 'मी नास्तिक आहे' हे प्रथमपुरुषी एकवचनी वाक्य कुणी सरळ उभं राहून म्हटलं, तर ते ऐकून घ्यायची आपल्याला सवय नाही. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या देशात ते लिहून देणारे सुमारे ३३ हजार निघाले, आणि त्यांतले साडेनऊ हजारांवर आपल्या महाराष्ट्रातले. एकशे एकवीस कोटींत तेहतीस हजार! वानखेडे स्टेडियमवर सगळे मावतील. शेवटच्या षटकात सहा धावा हव्या असताना त्यांतले किती नास्तिक राहतील, हे मात्र जनगणनेनं विचारलेलं नाही. फॉर्मवर 'धर्म' या रकान्यात 'नाही' लिहिण्याचा हक्क आपल्याला आहे आणि सरकारला तो धर्म सांगायची सक्ती करता येणार नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयानं २०१४ साली दिला आहे. 'नास्ति' म्हणायला आता कायद्याची मुभा आहे.

डॉक्टर श्रीराम लागू हे त्या 'सरळ उभं राहून' म्हणणाऱ्यांतले. नाक-कान-घशाचे सर्जन, आणि आपल्या सगळ्यांचे नटसम्राट. देवाला आता रिटायर करा, असं ते लिहीत आणि बोलत. 'रिटायर' हा शब्द मला फार आवडतो. त्यात राग नाही; पेन्शन आहे, शाल-श्रीफळ आहे, निरोपाचा पेढा आहे. ते आणि डॉक्टर नरेंद्र दाभोलकर मिळून गावोगाव 'विवेकजागराचा वाद-संवाद' करत. एका व्यासपीठावर लागू म्हणत देव नाही, आणि दाभोलकर म्हणत, देवाधर्माला माझा विरोध नाही, देवाच्या नावानं चालणाऱ्या फसवणुकीला आहे. त्यांच्या संघटनेत देव मानणारे पुष्कळ होते. पण कोरा चेक त्यांच्याही नावानं फाडला गेलाच होता. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात, विठ्ठल रामजी शिंदे पुलावर, फिरायला निघालेल्या दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी अनेक वर्षं हेलपाटे घातले, त्याचा अध्यादेश मग काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. आगरकरांच्या पुण्यात प्रतिमेवर भागलं होतं. सव्वाशे वर्षांनी तेवढ्यावर भागेना.

इथं विनोद सुचत नाही, आणि सुचला तरी लिहू नये.

स्वयंपाकघरातून येणारा 'नास्तिक' आणि पुलावरची ती सकाळ यांचा काही संबंध नाही, असं आपण म्हणू; आणि ते खरंच आहे. कांदाभजीवरून नास्तिक म्हणणारी आई पाच मिनिटांनी भजी तळतेच. पण शब्द एकच आहे, आणि तो तिथं कसा पोचला हे शोधत मागं मागं गेलं की बहिष्कार सांगणारी स्मृती लागते, हुंकार सोडणारी मंडळी लागतात, प्रेतयात्रेचे खांदेकरी लागतात. सगळ्यात शेवटी लागतो तो पाणिनी. त्याच्या सूत्रात बहिष्कार नाही, शिक्षा नाही, समजूत घालणंही नाही. 'अशी याची मती' एवढंच तो म्हणतो आणि पुढच्या प्रत्ययाकडे वळतो.

मला हल्ली वाटतं, या भांडणात तेवढं पुरे आहे. आस्तिकानं नास्तिकाला सुधारू नये, नास्तिकानं आस्तिकाच्या पोथीला हसू नये. आंधळ्या आईला ती वाचून दाखवायची वेळ आली तर उच्चार स्वच्छ ठेवावेत. आणि आपण दैष्टिकांनी दोघांच्या मधे बसून वर्तमानपत्राचं भविष्याचं पान तेवढं आपल्याकडे घ्यावं. माझ्या राशीला आज 'वादविवाद टाळा' असं आलं आहे. विश्वास नाही माझा, पण टाळतो.